वही भरलेली आहे, पण खरी आहे का? गॅस आणि रसायनांच्या टाक्यांशेजारच्या गावांनी समजून घ्यावं असं काही

शिरूर/दौंड : उसाची गाडी काट्यावर गेली की शेतकरी पावती हातात पडल्याशिवाय तिथून हलत नाही. दूध डेअरीवर फॅट किती लागलं, लिटर किती भरलं, हे रोज स्लिपवर येतं. मापात खोट असली तर चार दिवसांत गावभर बोभाटा होतो, कारण कागदाची एक प्रत शेतकऱ्याच्या खिशात असते.

कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत जिथं धोकादायक माल साठवला जातो, तिथंही रोज तिन्ही पाळ्यांत आकडे लिहिले जातात. टाकीचा दाब, तापमान, पातळी, कोणती झडप उघडी, कोणती बंद, कोणत्या वेल्डिंगला कुणी परवानगी दिली. कुंपणाच्या बाहेर राहणाऱ्यांचा जीव या आकड्यांवर अवलंबून असतो. पण त्याची प्रत गावात कुणाकडेच नसते. बहुतेकांना अशी वही असते हेही ठाऊक नसतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कंपनीत रात्रीच्या वेळी मोठी आग लागली. आसपासच्या लोकांना घरदार सोडून, पोरंबाळं घेऊन बाहेर पडावं लागलं. आत नेमकं काय जळतंय, धूर विषारी आहे का, कोणत्या दिशेला पळायचं, हे सांगणारं त्या घटकेला कुणी नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केलं. ते प्रकरण अमली पदार्थांचं होतं, औद्योगिक सुरक्षेचं नव्हे. पण कागदावर एक आणि आत दुसरंच असू शकतं, हे त्यातून दौंडकरांना कळून चुकलं. आत काय आहे हेच जर कागदावर खरं नसेल, तर आग विझवायला येणारा जवान कशाच्या भरवशावर आत शिरणार?

आता यात आणखी एका गोष्टीची भर पडते आहे. ती म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, अर्थात एलएनजी.

एलपीजी वेगळा, एलएनजी वेगळा

शिक्रापूरला भारत पेट्रोलियमचा सिलिंडर भरण्याचा प्रकल्प असल्यानं शिरूरकरांना एलपीजी नवा नाही. त्याचे टँकर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रोजचे. एलएनजी हा मात्र वेगळा प्रकार आहे. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचं पाणी होतं आणि त्याला जागा सुमारे सहाशे पटीनं कमी लागते. म्हणून तो जहाजातून आणि टँकरमधून नेता येतो. ज्या कारखान्यांपर्यंत गॅसची पाइपलाइन आलेली नाही, तिथं थर्मासच्या बाटलीसारख्या दुहेरी भिंतीच्या टाकीत एलएनजी साठवून, पुन्हा वायू करून भट्टीला देता येतो.

महाराष्ट्रात एलएनजी उतरवण्याचं मोठं ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला आहे. वर्षाला ५० लाख टनांची त्याची क्षमता. गाड्यांना एलएनजी भरण्याचा पंप नागपूरला जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. एसटीच्या हजारो डिझेल गाड्या एलएनजीवर नेण्याची योजनाही मध्यंतरी जाहीर झाली होती. म्हणजे आज ना उद्या हा माल तालुक्याच्या रस्त्यावर आणि डेपोत दिसणार.

दोन्ही वायूंमधला फरक गावानं लक्षात ठेवावा असा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत सरकतो, ओढ्यात, विहिरीत, गटारात, तळघरात साचून राहतो. त्याला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, म्हणून घरात गळती झाली की लगेच कळतं. एलएनजी सांडला तर सुरुवातीला त्याची थंडगार वाफ पांढऱ्या धुक्यासारखी जमिनीवरून पसरते आणि ऊब लागत गेली की हलकी होऊन वर उडते. हवेत मिथेनचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल आणि ठिणगी मिळाली, तर पेट घेतो. आणि टाकीतल्या एलएनजीला वास नसतो. घरगुती गॅसला दिला जातो तसा वास इतक्या थंडीत त्यात टिकत नाही.

म्हणजे इथं माणसाचं नाक कामाचं नाही. नाकाचं काम गॅस ओळखणारं यंत्र करतं, आणि ते यंत्र नीट चालतंय की नाही हे ठराविक दिवसांनी तपासून लिहून ठेवावं लागतं. ती तपासणी न करताच वहीत ‘ठीक’ असा शेरा पडत असेल, तर अख्ख्या वस्तीचं नाक बंद आहे असं समजावं.

वहीत काय काय असतं

अशा प्रकल्पात एकच रजिस्टर नसतं. पाळीचं रजिस्टर असतं, त्यात जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला काय सांगून गेली ते लिहायचं. टँकर रिकामा करतानाची यादी असते : चाकांना लाकडी ठोकळे लावले का, गाडीची चावी काढून घेतली का, अर्थिंगची तार जोडली का, नळी जुनी झालीय का. कामाचा परवाना असतो. वेल्डिंग किंवा कटिंग करायचं, टाकीत उतरायचं, तर आधी हवा तपासून, सही घेऊन. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीचे दाखले असतात. स्थिर आणि फिरत्या दाबपात्रांच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हे व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावे लागतात. एखादा अलार्म तात्पुरता बंद ठेवला असेल तर कुणी, कधी, का बंद ठेवला आणि परत कधी सुरू केला, याचीही नोंद हवी.

शिवाय सगळ्यात जास्त टाळली जाणारी वही, थोडक्यात हुकलेल्या अपघातांची. नळी निसटली पण कुणाला लागलं नाही. गॅसचा अलार्म वाजला, पण ‘खोटा असेल’ म्हणून बंद केला. अशा गोष्टी लिहिल्या की साहेब ओरडतो, ठेकेदार कामावरून काढतो, म्हणून कुणी लिहीत नाही. वर्षभर जिथं एकही चूक नोंदलेली नाही तो कारखाना चांगला असं आपण समजतो. अनुभवी तपासनीस मात्र अशी कोरी वही बघून जास्त सावध होतात.

आकडा खरा, जागा चुकीची

नोंद खोटी असली तरच अनर्थ होतो असं नाही. विशाखापट्टणमची गोष्ट यासाठी पुन्हा पुन्हा सांगायला हवी. ७ मे २०२० ला पहाटे, लॉकडाऊनच्या काळात, तिथल्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातल्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि बाजूच्या वस्तीत शिरली. १२ माणसं गेली. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. झोपेतून उठून पळताना माणसं रस्त्यावर कोसळत होती, गोठ्यातली जनावरं जागेवर मेली.

आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीनं चौकशी केली तेव्हा एक गोष्ट समोर आली. त्या टाकीचं तापमान मोजलं जात होतं, लिहिलंही जात होतं. पण मोजण्याची सोय टाकीच्या तळाशी होती. थंड करण्याची व्यवस्थाही टाकीतलं सगळं द्रव नीट ढवळत नव्हती. तळाचं द्रव थंड आणि वरचे थर तापत चाललेले. कागदावर सगळं आलबेल, आणि वर टाकी स्वतःच्याच उष्णतेनं शिजत होती. स्टायरीन घट्ट होऊ नये म्हणून जे औषध त्यात मिसळतात, त्याकडे आणि विरघळलेल्या प्राणवायूकडे पुरेसं लक्ष दिलेलं नव्हतं. आणि वस्तीला सावध करायला सायरन असूनही वाजवला गेला नाही.

ज्यानं तापमान लिहिलं त्यानं कदाचित प्रामाणिकपणे लिहिलं असेल. पण कुठलं तापमान लिहायचं हे ठरवणाऱ्यांनी अर्धाच विचार केला होता.

एलएनजीच्या धंद्याला हाच धडा पन्नास वर्षांपूर्वी मिळाला होता. ऑगस्ट १९७१ मध्ये इटलीतल्या ला स्पेझिया इथं जहाजातून आलेला जरा जड आणि उबदार माल टाकीतल्या जुन्या, हलक्या मालाच्या खाली भरला गेला. दोन थर एकमेकांत न मिसळता तसेच राहिले. आपल्याकडे उन्हाळ्यात तळ्यात पोहताना वरचं पाणी कोमट आणि पायाशी गार लागतं, तसंच काहीसं, फक्त इथं ऊब खाली अडकलेली. काही तासांनी खालचा थर हलका होऊन एकदम वर उसळला आणि टाकीतून प्रचंड वाफ बाहेर पडली. त्यात कुणाचा जीव गेला नाही. पण तेव्हापासून मोठ्या एलएनजी टाक्यांमध्ये वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान आणि घनता बघण्याची, नवा माल कुठून भरला हे लिहिण्याची पद्धत पडली. ते आकडे रोज लिहिताना कंटाळा येतो. त्यांच्यामागे ही गोष्ट आहे हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं, तर कदाचित थोडा कमी कंटाळा येईल.

तपासणी झाली, झडप बंदच राहिली

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. ८ जून २०२२ ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात फ्रीपोर्ट एलएनजी प्रकल्पात स्फोट झाला. कुणी जखमी झालं नाही, पण प्रकल्प सुमारे आठ महिने बंद राहिला. हा जगातला मोठा निर्यात प्रकल्प असल्यानं तो बंद पडताच गॅसच्या बाजारात खळबळ उडाली.

चौकशीत निघालेलं कारण ऐकायला फार क्षुल्लक आहे. पाइपला एक सेफ्टी व्हॉल्व्ह होता. त्याची तपासणी झालेली होती. पण तपासणीसाठी त्याच्या खालची झडप बंद करावी लागते, ती नंतर उघडायची राहून गेली. पुढे त्या पाइपच्या तुकड्यात एलएनजी दोन्ही बाजूंनी अडकला, हळूहळू उबदार झाला, फुगला, आणि दाब सोडायला वाटच नसल्यानं पाइप फुटला. कोणती झडप उघडी आणि कोणती बंद ठेवायची, तिला सील कुणी लावायचं, ते कोण तपासणार, ही पद्धतच कच्ची होती, असं अहवालात म्हटलं आहे. पाइप गरम होत असल्याच्या खुणाही दिसत होत्या, पण त्या वेळेत ओळखल्या गेल्या नाहीत.

इथं ‘व्हॉल्व्ह तपासला’ ही नोंद खरीच होती. लिहायला हवं होतं ते वाक्य मात्र वेगळं : ‘तपासल्यानंतर झडप उघडी असल्याचं दुसऱ्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं.’ आपल्याकडच्या किती फॉर्मांमध्ये अशा वाक्यासाठी रकाना आहे, हे प्रत्येक कारखान्यानं आपल्यापुरतं बघावं.

अमेरिकेचे एलएनजीचे नियम कडक होण्यामागे जुना इतिहास आहे. २० ऑक्टोबर १९४४ ला क्लीव्हलँड शहरात एलएनजीची टाकी फुटली आणि सव्वाशेहून अधिक माणसं मेली. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या पोलादाची टंचाई होती, आणि वापरलेलं पोलाद इतक्या थंडीत ठिसूळ पडलं. सांडलेला द्रव गटारांतून वस्तीत शिरला आणि तिथं पेटला. आज तिथल्या नियमांत देखभालीच्या नोंदी किमान पाच वर्षं ठेवायच्या, गंज लागण्याविषयीच्या काही नोंदी प्रकल्प चालू असेपर्यंत ठेवायच्या, आणि कामगाराचं प्रशिक्षण झाल्याची नोंद त्यानं ते काम सोडल्यानंतरही एक वर्ष जपायची, असं लिहिलेलं आहे. शेवटची अट आपल्याकडे फार उपयोगाची ठरेल. ठेकेदारी कामगार दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि अपघात झाला की त्याला शिकवलं होतं की नव्हतं याचा कागदच सापडत नाही.

एका बैठकीत भरलेली वही

रजिस्टर नंतर बसून भरण्याची सवय फक्त कारखान्यांची नाही. शाळेपासून दवाखान्यापर्यंत ती सगळीकडे आहे, हे खाजगीत सगळेच मान्य करतात. तपासणीचा दिवस कळला की आदल्या रात्री तीन महिन्यांची वही एका पेनानं पूर्ण होते.

अशी वही ओळखू येते. शाई एकच, अक्षर एकच, थकव्याची कुठं खूण नाही. मे महिन्याच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे तापमान दशांशापर्यंत सारखं. ज्या दिवशी वीज गेली होती त्या दिवशीही पंपाचे आकडे नेहमीचेच. सही करणारा त्या तारखेला रजेवर, हे हजेरीपटावरून दिसतं. टँकर आल्याची नोंद रजिस्टरला आहे, पण गेटच्या वहीत ती गाडीच नाही. चांगला तपासनीस म्हणून एकच वही बघत नाही. दोन वह्या शेजारी ठेवून ताडून बघतो. आता बऱ्याच ठिकाणी आकडे संगणकात आपोआप साठतात, तेव्हा हाताची वही आणि संगणक यांचा मेळ बसतो का, हेही कळतं.

दोष मात्र नेहमी लिहिणाऱ्याच्या माथी मारणं बरोबर नाही. एका माणसाकडे दोन माणसांचं काम, वर दर तासाला वीस आकडे, ते वाचणारं कुणी नाही, आणि खरं लिहिलं तर बोलणी. अशात वही म्हणजे शाळेतला गृहपाठ होऊन बसते. वरच्या साहेबानं आठवड्यातून एकदा जरी ती वाचून ‘हा आकडा वेगळा का?’ असं विचारलं, तरी खालच्या माणसाचं लिहिणं बदलतं.

कोणाच्या अखत्यारीत काय

इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तक्रार घेऊन माणूस एमआयडीसीच्या ऑफिसात जातो, तिथून प्रदूषण मंडळाकडे, तिथून तहसीलला.

दाबाखालच्या वायूच्या टाक्या आणि टँकर यांचा परवाना पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे ‘पेसो’कडे. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. कारखान्याच्या आतली कामगारांची सुरक्षा राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. पाण्याचं आणि हवेचं प्रदूषण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गॅसच्या पाइपलाइन आणि शहर गॅस वितरण पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या नियमांखाली येतं. तेल आणि गॅस उद्योगासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानकं आहेत, त्यात एलएनजीसाठी वेगळं मानक आहे. आणि कुंपणाबाहेरचा आपत्ती आराखडा जिल्हाधिकाऱ्यांकडे.

कामगार कायद्यांत मध्यंतरी बदल झाला. कारखाने अधिनियम १९४८ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनं घेतली. भोपाळनंतर, १९८७ साली, जुन्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं होतं. कारखानदारानं धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यावी, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात, जिवाला धोका दिसला तर कामगारानं तो लक्षात आणून द्यावा, ही त्यामागची दिशा नव्या संहितेतही राहिली आहे.

गावांच्या दृष्टीनं कामाचे नियम मात्र दुसरे आहेत, आणि ते पर्यावरण संरक्षण कायद्याखाली असल्यानं त्यांचा कामगार कायदे बदलण्याशी संबंध नाही. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात नियम, १९८९. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ज्वालाग्राही किंवा विषारी माल साठवणाऱ्या प्रकल्पांना ते लागू होतात. मोठा अपघात घडला तर ४८ तासांत संबंधित अधिकाऱ्याला कळवायचं. कारखान्याच्या आतला आपत्ती आराखडा लेखी ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम करायची. बाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनानं करायचा आणि त्याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. आणि ज्यांना अपघाताची झळ बसू शकते त्या लोकांना धोका काय आहे आणि त्या वेळी काय करायचं, हे आधी सांगून ठेवायचं. ‘कंपनीची खाजगी बाब’ असं उत्तर या एका मुद्द्यावर देता येत नाही.

साठा किती, यावर मोठ्या धोक्याचा कारखाना ठरतो. छोटे कारखाने या यादीतून सुटतात. मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळच्या कारखान्यात ७ जून २०२१ ला लागलेल्या आगीत १७ कामगार गेले, त्यात बहुतेक महिला होत्या. कारखाना छोटा की मोठा, याचा त्या घरांना काय उपयोग?

ग्रामपंचायतीनं काय मागावं

ढीगभर कागद मागून काही होत नाही. तांत्रिक अहवालांची शंभर पानं आली तरी वाचणार कोण? चार गोष्टी विचारल्या तरी बरंच कळतं.

पहिलं म्हणजे, गावाच्या शेजारच्या कोणत्या कारखान्यात मोठ्या धोक्याचा कोणता माल आहे आणि तो गळला तर काय करायचं. पळायचं की दारं-खिडक्या बंद करून घरात बसायचं? अमोनिया, क्लोरीन, एलपीजी, एलएनजी, प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं. हे मराठीत, एका पानावर, शाळेच्या आणि मंदिराच्या भिंतीवर लावता येतं.

दुसरं, शेवटची रंगीत तालीम कधी झाली आणि तिच्या अहवालात काय चुका निघाल्या. ‘तालीम यशस्वी’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो अहवाल नव्हे. सायरन कुरकुंभच्या फिरंगाई मंदिरापर्यंत ऐकू आला का, पांढरेवाडीच्या लांबच्या वस्तीत आला का? रांजणगावात कारेगाव, ढोकसांगवीच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या परराज्यातल्या कामगारांना तो कळला का? रुग्णवाहिका किती मिनिटांत आली? पुणे-सोलापूर महामार्गावर कोंडी असेल तर दुसरी वाट कोणती? हे आकडे अहवालात हवेत.

तिसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं आहेत का. डॉक्टरला आलेल्या रुग्णाच्या अंगावर काय सांडलंय हे कळलं नाही तर तो उपचार अंदाजानं करणार. उणे १६२ अंशांच्या द्रवानं झालेली इजा दिसायला भाजल्यासारखी असते, पण तिच्यावर उपचार भाजल्यासारखे करायचे नसतात. चोळायचं नाही, गरम पाणी ओतायचं नाही.

चौथा प्रश्न स्थानिक आपत्ती गटाचा. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार अशा औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक गट असतो. उपविभागीय दंडाधिकारी त्याचे अध्यक्ष. त्यात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, ठाणेदार, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, धोकादायक मालाचे वाहतूकदार, स्थानिक डॉक्टर, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक असे सगळे बसतात. आणि सरपंचासाठीही त्यात जागा आहे. या गटाची बैठक दरमहा व्हावी आणि इतिवृत्त जिल्हा गटाकडे जावं, असं नियमात आहे. लोकांनी मागितल्यास अपघात टाळण्याविषयीची माहिती देणं हेही या गटांचं काम.

ही माहिती साध्या अर्जानं मिळाली नाही तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत; प्रश्न जिवाशी निगडित असेल तर ४८ तासांची. खाजगी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही, पण तिनं सरकारी कार्यालयाला दिलेले कागद त्या कार्यालयाकडून मागता येतात. काही तपशील व्यापारी गुपित म्हणून नाकारले जातील. सायरन कधी वाजवून बघितला, हे गुपित होऊ शकत नाही.

कारखान्यांची बाजूही यात आहे. एमआयडीसीतले अनेक कारखाने हे सगळं नेटानं करतात, आणि शेजारच्या एका बेफिकीर कारखान्यामुळे त्यांच्याकडेही संशयानं बघितलं जातं, ही त्यांची तक्रार रास्त आहे. गावाला बोलावून तालीम दाखवली तर अफवा कमी होतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. भीती असते ती लोक जमले की नोकऱ्यांचा आणि भरपाईचा विषय निघेल याची. तो विषय निघतोही. म्हणून तालीम कुंपणाच्या आत उरकली जाते.

आपत्ती आराखड्याच्या शेवटी एक यादी असते, संपर्क क्रमांकांची. तहसीलदार, पोलीस ठाणे, अग्निशमन, ग्रामीण रुग्णालय, पोलीस पाटील, सरपंच. अधिकारी बदलून जातात, पाच वर्षांनी सरपंच बदलतो, माणसं सिमकार्ड बदलतात. आराखडा खरा जिवंत आहे का हे बघायचं असेल, तर ती यादी मागवून घ्यावी आणि त्यातला आपल्या गावाचा नंबर लावून बघावा. फोन कोण उचलतंय, एवढं तरी कळेल.